रँडच्या पलीकडचा प्लेग

विषय वकिलाने काढला. त्याचं म्हणणं असं, की साथीतले निर्बंध म्हटले की मराठी माणसाची गाडी पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या खुनापाशी येऊन थांबते. २२ जून १८९७, गणेशखिंडीचा रस्ता, चाफेकर बंधू. त्याच्या पुढचं कुणी बोलत नाही.

“पुढे टिळकांना दीड वर्षाची शिक्षा,” सर म्हणाले. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस.

“पण कशाबद्दल, सर? खुनाबद्दल नाही, केसरीतल्या मजकुराबद्दल. नातू बंधूंना तर १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवताच आत टाकलं. आणि पुढच्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचं १२४-अ कलम दुरुस्त करून जास्त कडक केलं. स्वातंत्र्यानंतरही त्या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले, ते थेट मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत. घराघरांत शिरून प्लेगचे रोगी शोधायला सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, धाडले, त्याचं टोक राजद्रोहाच्या कलमापर्यंत जाईल हे प्लेग कमिटी नेमणाऱ्यांच्या गावी तरी होतं का?”

“आता मला बोलू दे,” डॉक्टर म्हणाली. कोरोनाच्या काळात तिने दवाखाना उघडा ठेवला होता, त्यामुळे या विषयावर ती बोलायला लागली की आम्ही ऐकतो. “तू असं बोलतोयस जसं काही निर्बंध हीच साथ होती. पुढच्या काही दशकांत त्या प्लेगने हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं नेली. रोगी वेगळा ठेवायचा नाही तर करायचं काय? त्यांना रोगच नीट कळला नव्हता. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं १८९८ मध्ये. तोवर हे घरं धूत होते, चुना फासत होते, अंथरुणं जाळत होते.”

“आणि बायकांची तपासणी? परक्या पुरुषांसमोर?”

“त्याचं समर्थन कुणीच करणार नाही. पण सगळा संताप तेवढ्याचाच नव्हता, हेही बोला ना. सोजीर स्वयंपाकघरात गेला, देवघरात गेला, सोवळं मोडलं. इस्पितळात शेजारच्या खाटेवर कुठल्या जातीचा माणूस येईल, ही धास्तीसुद्धा त्यात होती. म्हणून तर जातीधर्मांची वेगवेगळी प्लेग रुग्णालयं निघाली. आणि त्याच १८९७ च्या मार्च महिन्यात सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्यांनी जात विचारली नव्हती.”

डॉक्टरचा हा मुद्दा मला पूर्ण पटतो. रँडचं नाव शाळकरी पोरालाही माहीत असतं. सावित्रीबाई कशाने गेल्या, हे मात्र मोठी झालेली माणसंही मला विचारतात.

मुकादम इतका वेळ गप्प होता. बांधकामांवर माणसं पुरवणं हा त्याचा धंदा. त्याने विचारलं, “हातावर पोट असणाऱ्यांचं काय झालं त्या प्लेगमध्ये?”

यावर सर जे बोलले ते सविस्तर देतो, कारण सगळ्या चर्चेत मला तेच महत्त्वाचं वाटलं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. लोकांना जबरदस्तीने उचलून इस्पितळात नेऊ लागले, तशी अफवांना ऊत आला. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावरच हल्ला केला. मग माणसं गावाकडे सुटली. थोडीथोडकी नाही, काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. गिरण्यांना हात मिळेनात. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात उशिरा द्यायचा आणि तेवढ्यावर कामगाराला बांधून ठेवायचं, ही मालकांची रीत. ती मोडली. गिरण्यांची माणसं नाक्यावर उभी राहून एकमेकांवर चढी बोली लावू लागली आणि रोजची मजुरी रोज हातात पडू लागली. सरकारला कामगाराला बळ द्यायचं नव्हतं, मालकांना तर नव्हतंच. साथीच्या धाकाने ते आपोआप घडलं.

मुंबई शहर सुधारायला निघालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवरही सर बोलले. तो १८९८ चा. दादर-माटुंग्याची आखणी आणि बीआयटी चाळी त्याच्याच. पण मुकादमाचं मन मजुरीपाशीच अडकलं होतं.

“म्हणजे माणसं गेली आणि त्यांचा भाव वाढला,” तो म्हणाला. “आमच्याकडे उलटं झालं की. २४ मार्च २०२०, रात्री आठला जाहीर आणि बाराला सगळं बंद. माझी पोरं साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अडकली. काम बंद, बिल्डर फोन उचलेना. माझ्याकडे होतं ते दिलं, ते किती दिवस पुरणार? जाऊ म्हटलं तर गाडी नाही, राहू म्हटलं तर चूल पेटत नाही. भाव कसला वाढतोय.”

वकिलाने तिथेच धागा पकडला. त्या मे महिन्यात कर्नाटक सरकारची बांधकाम व्यावसायिकांबरोबर बैठक झाली आणि मजुरांच्या रेल्वेगाड्या रद्द झाल्या. टीका झाल्यावर त्या पुन्हा सोडाव्या लागल्या. त्याआधी एप्रिलमध्ये गुजरातने अधिसूचना काढली, की कारखान्यात बारा तास काम घ्या आणि जादा तासांचा दुप्पट दर देऊ नका. ती सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला रद्द केली. उत्तर प्रदेशने तर बहुतेक कामगार कायदे तीन वर्षं बाजूला ठेवायचा घाट घातला होता.

माझं मत मी तिथे मांडलं, इथेही मांडतो. दोन साथींत फरक पडला तो गाडीमुळे. १८९६ मध्ये गाड्या चालू होत्या, म्हणून मजूर जाऊ शकला. जो जाऊ शकतो त्याला थांबवायला पैसे मोजावे लागतात. २०२० मध्ये त्याचं जाणंच बंद केलं आणि त्याच्या हातातली एकमेव ताकद गेली. निर्बंध रोगापुरते होते असं कितीही म्हटलं, तरी ते सौद्यात एका बाजूने उतरले. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळच्या गाडीसाठी चालत निघालेली माणसं होती ती. आणि सप्टेंबरमध्ये केंद्राच्या कामगार मंत्रालयाने संसदेत लेखी सांगितलं, की स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची माहिती आमच्याकडे नाही. मला या उत्तराचा राग आजही आहे.

डॉक्टरने तिच्या दवाखान्याबाहेरची रांग सांगितली. गाडीत बसायचं तर सर्दी, ताप, खोकला नाही असा दाखला हवा, मग पोलीस ठाण्यात अर्ज. दाखल्यासाठी माणसं पहाटेपासून खेटून उभी. “अंतर राखा म्हणून आम्ही ओरडत होतो आणि त्या कागदासाठी सरकारनेच त्यांना एकमेकांच्या अंगावर आणून उभं केलं होतं. थर्मामीटर लावायचा, नाव लिहायचं, सही, शिक्का, पुढचा. एकाने विचारलं, मॅडम, गाडी चुकली तर हा कागद उद्या चालेल का? मला माहीत नव्हतं. त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.”

“मुकादमा, तुलाही एक विचारतो,” वकील म्हणाला. “तेव्हा १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा लागू होता. परराज्यातून आणलेल्या माणसाचं जाण्यायेण्याचं भाडं ठेकेदाराने द्यायचं. तू दिलंस?”

“परवाना कुणाकडे होता रे? मलाच काय, बिल्डरलाही हा कायदा माहीत नव्हता. तपासायलाही कधी कुणी आलं नाही.”

“तेच दुखणं आहे. त्या कायद्याने नोंदी झाल्या असत्या, तर कोण कुठे अडकलंय हे सरकारला पहिल्या दिवशी कळलं असतं.”

डॉक्टर मात्र गाड्यांच्या मुद्द्यावर अडून होती. गाड्या चालू ठेवल्या असत्या तर रोग गावागावांत गेला असता, त्याचं काय? मी म्हटलं, २४ मार्चला देशभरात रुग्ण पाचशेच्या घरात होते. श्रमिक गाड्या सुटल्या १ मेला, तेव्हा आकडा ३५ हजारांवर गेला होता. रोग कमी होता तेव्हा माणसं कोंडली आणि वाढल्यावर पाठवली.

“कबूल,” ती म्हणाली. “पण नुसती गाडी सोडून भागणार नाही. उतरल्यावर गावाबाहेर चौदा दिवस राहायची सोय, तिथे जेवण, तिथे एक नर्स. नाहीतर गावकरीच वेशीवर काठ्या घेऊन उभे राहतात. राहिले होते.”

वकिलाने मोबाइलवर १८९७ चा साथरोग कायदा उघडला. मुळात चार कलमांचा. सरकारला अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असं संरक्षण. एप्रिल २०२० मध्ये त्यात भर पडली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी. ती हवीच होती. मजुरी, भाडं, परतीची सोय यांचा मात्र एक शब्द नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने आपली नियमावली काढली ती याच कायद्याखाली.

“यात एक कलम घालायला लावू,” तो म्हणाला. “बंदी घालायच्या आधी अमुक दिवसांची मुदत, तेवढ्या दिवसांची मजुरी, आणि घरी जायला गाडी.”

“मुदत किती?” सरांनी विचारलं.

“सात दिवस.”

“सात फार होतात,” डॉक्टर म्हणाली. “तीन.”

“दिवसांचं नंतर ठरवा,” मुकादम म्हणाला. “मजुरी कुणाच्या खिशातून जाणार, ते आधी लिही.”