भरतीचा आकडा म्हणजे लाटेची उंची नव्हे

पावसाळा तोंडावर आला की मुंबईकरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: सर्फिंगसाठी कर्नाटकातल्या मुल्की किंवा केरळातल्या वर्कलापर्यंत जाण्यात पैसे घालवू नका, समुद्र सगळीकडे सारखाच, महापालिकेने जाहीर केलेल्या साडेचार मीटरच्या भरतीच्या दिवशी, वारा जोरात असताना, जुहू किंवा अक्सा गाठा, खाली वाळूच असल्याने धोका नाही, आणि नवशिक्यांनी जिथे लाटा फुटत नाहीत अशा शांत पट्ट्यातून आत शिरावे. यातला वाळूचा मुद्दा अर्धवट खरा आहे. बाकीचे चुकीचे आहेत, आणि शेवटचा तर जिवावर बेतणारा आहे.

भरतीपासून सुरुवात करू, कारण सारा घोटाळा त्या आकड्यातून निघाला आहे. ४.५ मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका जाहीर करते, ते त्या वेळी मुसळधार पाऊस पडल्यास पर्जन्यजलवाहिन्यांचे पाणी समुद्रात उतरत नाही आणि शहर तुंबते म्हणून. हा आकडा म्हणजे सागरी नकाशांसाठी ठरवलेल्या नीचतम पातळीपासून मोजलेली पाण्याची उंची. चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून ती वर्षभर आधी काढता येते. लाट मात्र वाऱ्यातून जन्मते आणि तिचा भरवशाचा अंदाज काही दिवसांपलीकडे जात नाही. हिवाळ्यातल्या अमावास्या-पौर्णिमेलाही मोठे उधाण येते, पण तेव्हा जुहूच्या पुळणीवर फुटणारी लाट बहुधा गुडघाभरही नसते. किंबहुना मोठी भरती इथे अडचणच ठरते. उधाणाच्या दिवशी साधारण सहा तासांत पाणी चार मीटरच्या आसपास चढते किंवा उतरते, त्यामुळे सपाट किनाऱ्यावर लाट फुटण्याची जागा सारखी सरकत राहते, आणि भरतीच्या ऐन टोकाला ती ठिकठिकाणी थेट बंधाऱ्यावर आपटते. केरळात हाच फरक एक मीटरच्या आसपास असतो. तिथे सकाळी हेरलेली जागा दुपारीही बरीचशी तिथेच सापडते.

समुद्र सगळीकडे सारखा, हे विधान नकाशावर निळा रंग पाहून केलेले दिसते. सर्फरला हवी असते ती हिंदी महासागराच्या दक्षिणेकडील वादळांत उठून हजारो किलोमीटर चालत आलेली लांब लाट, जिला ते स्वेल म्हणतात. अशा दोन लाटांमध्ये १४ सेकंदांचे अंतर असेल, तर खोल पाण्यात त्यांची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर, सुमारे ३०० मीटर भरते, आणि लांबीच्या निम्म्या, म्हणजे दीडशे मीटर खोलीवरच त्यांना तळ जाणवू लागतो. मुंबईसमोरचा उथळ सागरी मंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे; एवढी वाट तळाशी घासत येताना लाटेची बरीच शक्ती खर्ची पडते. दक्षिणेकडे हा मंच अरुंद होत जातो.

शिवाय लाट उंच असून भागत नाही. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उलगडत फुटायला हवी, आणि तो आकार तिला तळ देतो. मुल्कीजवळ ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी या नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे साचतात, आणि २०१६ मध्ये तिथे राष्ट्रीय स्तरावरची सर्फिंग स्पर्धा झाली. २०२४ च्या ऑलिम्पिकसाठी पॅरिसच्या आयोजकांनी प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरचे तेआहुपो निवडले; तिथल्या लाटेलाही आकार देतो तो खोल पाण्यातून एकदम वर येणारा प्रवाळाचा तळच.

जोराच्या वाऱ्याचा सल्ला तर सरळ उलटा आहे. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा नैऋत्य वारा लाटेला मागून ढकलतो, ती वेळेआधीच कोसळते, आणि उरतो तो नुसता फेस. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ शेकडो किलोमीटर दूर असतानाही इथला समुद्र खवळला होता, जुहूला मुले बुडाली, आणि त्या पाण्यात सर्फिंगजोगी लाट शोधणे हा वेडेपणा ठरला असता. चांगली वेळ म्हणजे पावसाळा सरल्यानंतरची पहाट: जमिनीकडून मतलई वारा वाहतो, लाटेचा चेहरा ताठ ठेवतो, आणि सूर्य वर येऊन खारा वारा सुटला की तो गुळगुळीतपणा जातो. शाळेच्या भूगोलात हे दोन्ही वारे आपण पाठ केलेले असतात.

वाळूवर पडले तर खडपावर पडण्यापेक्षा कमी लागते, एवढेच त्या मुद्द्यातले सत्य. पण वाळू जागा बदलते. दांड्यांमध्ये खोलगट वाट पडते, किनाऱ्यावर चढलेले पाणी त्या वाटेने जोराने समुद्रात परतते, आणि पाणी खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही. संदेशातला शांत पट्टा बहुधा हाच असतो. सराईत सर्फर लाटांच्या पलीकडे जायला तो मुद्दाम वापरतात, कारण त्या ओढीतून कुठे बाहेर पडायचे हे त्यांना ठाऊक असते. नवशिक्याला तो कमरेइतक्या पाण्यातून मिनिटाभरात खोल पाण्यात नेऊ शकतो. अक्सा अशाच ओढीसाठी कुप्रसिद्ध आहे. अडकल्यास किनाऱ्याच्या दिशेने पोहण्यात दम घालवू नये. बोर्ड न सोडता किनाऱ्याला समांतर सरकावे, ओढ सुटल्यावर फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने परतावे, आणि ते जमत नसेल तर बोर्डावर तरंगत हात उंचावून जीवरक्षकाला बोलवावे.