मोफत शिलाई मशीनचा तो मेसेज खोटा आहे

बचतगटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. "प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन योजना. प्रत्येक राज्यात ५०,००० महिलांना मशीन. वय २० ते ४०. विधवा व परित्यक्ता महिलांना प्राधान्य. खालच्या लिंकवर आधार व बँकेची माहिती भरा. नोंदणी फी फक्त २५० रुपये. घरबसल्या महिना १५,००० कमवा. दहा ग्रुपवर पाठवा." मजकूर तोच असतो, फक्त साल बदलतं. या वेळी तो कुरुंदवाडला माझ्या आत्तीपर्यंत पोचला. "पैसं भरलो की गं मी, मशीन कधी येतंय तेवढं बघ," म्हणून तिचा फोन आला. आत्ती पंचेचाळीसची आहे. म्हणजे त्यांच्याच अटीत ती बसत नाही, तरी पैसे घेतले, आणि वर वाहतूक खर्च म्हणून आणखी १,८०० मागितले.

मी कोल्हापुरात शिवणक्लास घेते. मशीनची गरज असलेल्या बायका रोज माझ्यासमोर बसतात. त्यामुळं या मेसेजचा मला राग येतो आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

"प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन" नावाची केंद्र सरकारची योजनाच नाही. केंद्र सरकारच्या माहिती खात्याच्या पीआयबी फॅक्ट चेकनं हा दावा खोटा असल्याचं एकदा नाही, अनेकदा जाहीर केलंय. योजनाच नसेल तर राज्याला ५०,००० की ६०,००० यावर बोलण्यात अर्थ नाही.

आता फी. सगळ्यात वाईट गोष्ट ही आहे. २५० रुपये म्हणजे शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाईचा जवळजवळ एक दिवस. पण पैशापेक्षा मोठं नुकसान आधार, खाते क्रमांक आणि ओटीपी देण्यात आहे. "शिकलेल्या बायका नाहीत म्हणून फसतात" असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं. चूक आहे ते. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, तेव्हा याच बायकांनी मोबाईलवर अर्ज भरले आणि खात्यावर १,५०० रुपये खरोखर आले. २०२५ मध्ये ई-केवायसी आली, पुन्हा लिंक, पुन्हा ओटीपी. त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला, तेव्हा विधवा आणि परित्यक्ता बायकाच अडकल्या. म्हणजे खऱ्या योजनेत जिला दारात थांबवलं, तिलाच हा खोटा मेसेज "प्राधान्य" देतो. तिनं विश्वास ठेवला तर नवल काय?

आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मोठीच गोष्ट झाली. पण कुंकू राहिलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी तेल-मीठ आणायचं असतंच. ती काम शोधत असते, आणि तिच्या त्या शोधावर या भामट्यांचं दुकान चालतं.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. मेसेजमागं अर्धं खरं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. तारणाशिवाय आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजानं. मेसेजमधला १५,००० चा आकडा बहुधा इथूनच उचललाय. पण ही योजना आधीच स्वतःचं शिवणकाम करणाऱ्यांसाठी आहे. एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो. अर्ज सीएससी म्हणजे सामान्य सेवा केंद्रावर अंगठा देऊन होतो, मग ग्रामपंचायत किंवा पालिका, जिल्हा समिती आणि छाननी समिती अशी तीन टप्प्यांत तपासणी होते. व्हॉट्सअॅपच्या लिंकवरून यातलं काहीच होत नाही. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभागही अनुदानावर मशीन देतो, पण तेही अर्ज मागवून आणि निधी असेल तेव्हाच.

"घरबसल्या महिना १५,०००" हे वाचून तर मी हात जोडले. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर रोजचे ६०० रुपये होतात. परकर शिवायला नगाला दहा रुपये धरा. रोज ६० परकर! पायाच्या मशीनवर, पाणी भरून, स्वयंपाक करून, पोरांचं आवरून, नवशिक्या बाईनं? आणि ६० परकरांचं कापड रोज तिच्या दारात आणून कोण टाकणार? कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारातला व्यापारी माल देताना आधी हात बघतो. सरळ टीप येते का, माल वेळेवर परत येतो का, हे बघतो. ब्लाऊज शिवायचे म्हटलं तर कटोरी आणि प्रिन्सेस कट बसेपर्यंत कैक महिने जातात, आणि एक ब्लाऊज बिघडला की गिऱ्हाईक गल्लीभर सांगतं. गारमेंट युनिटमध्ये नोकरी हवी असेल तर तिथं विजेवरचं पॉवर मशीन आणि कडा शिवणारं ओव्हरलॉक चालवता यावं लागतं. घरच्या मशीनवर शिकलेल्या बाईचा वेग तिथं पहिले काही आठवडे पुरत नाही.

मशीन असूनही काम नसेल तर काय होतं, हे सरकारी पातळीवरही दिसलंय. २०२४-२५ मध्ये शाळांचे गणवेश शिवण्याचं काम माविमच्या, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, बचतगटांकडं दिलं. कापड वेळेवर पोचलं नाही, पोरं जुन्याच कपड्यात शाळेत गेली, आणि पुढच्या वर्षी काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं गेलं. बायका तयार होत्या, पण कापड आणि नियोजन तयार नव्हतं.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढून दिलं, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून स्वतः तिथं जाऊन चहा घेतला. पहिलं गिऱ्हाईक ते झाले. आज बाईला मशीन देऊन फोटो काढणारे पुष्कळ आहेत. तिच्याकडं स्वतःचा ब्लाऊज शिवायला टाकणारे किती आहेत?

"दहा ग्रुपवर पाठवा" याला उत्तर द्यायची गरज नाही. खऱ्या योजनेला अशी अट नसते.

शिकायचंच असेल तर आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, चौकशी करा. तिथं महिनाभराचं शिवण प्रशिक्षण फुकट असतं, राहणं-जेवणासह. कुठल्याही क्लासला जाताना एवढं विचारा: पॉवर मशीनवर हात बसवणार का, आणि नंतर काम कुठून मिळणार?

ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी लाजू नका, आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. बँकेत जाऊन फसवणुकीची कल्पना द्या, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या. आत्तीची तक्रार आम्ही केलीय. आणि ज्यांनी मेसेज पुढं ढकलला, त्यांनी तो नुसता डिलीट करू नका. ज्या ग्रुपवर टाकलात तिथंच, स्वतःच्या नावानं, तो खोटा आहे असं लिहा. नंतर एकेकीला फोन करून विचारा, तिनं फॉर्म भरला होता का.