पाच मिनिटांत बदल

केनियाला जाणं सोपं होतं. परत येऊन त्याची साक्ष देणं, हे खरं संकट.

ज्यांचा आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते उपासनेत उभं राहून चारचौघांना सांगायचं. यात मुरलेली माणसं आहेत आमच्याकडे. खडकीच्या एका मावशींची साक्ष मी लहानपणापासून ऐकत आलेय. दर वर्षी त्यांचा आजार थोडा वाढतो आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत थोडी कमी होते. पण काय सांगतात! आधी अंधार, मग प्रकाश आणि मधल्या वळणावर रुमाल. एवढं साधलं की साक्ष जमली.

माझी पंचाईत अशी की माझ्याकडे अंधारच नाही. घराण्यात आजोबांपासून ख्रिस्ती, शाळेत मास्तरीण, वानवडीत टू बीएचके, हप्ते वेळेवर. एवढ्या भांडवलावर कोणाला रुमाल काढायला लावणार?

तर आमच्या चर्चच्या गटाबरोबर मी पश्चिम केनियात, किसुमूच्या बाजूला, थोड्या दिवसांच्या सेवेसाठी गेले होते. निघायच्या आधी शेजारच्या काकूंनी जिन्यातच अडवलं.

“सेवा म्हणजे नक्की काय करणार गं?”

“शाळेला रंग देणार, मुलांना शिकवणार, प्रार्थना...”

“तिकडे ख्रिश्चन नाहीत का?”

आहेत. शंभरात पंच्याऐंशी. २०१९च्या त्यांच्या जनगणनेतच आहे. आणि आपल्याकडे २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात जेमतेम एक. काकूंनी हे आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हणजे तू पुण्याहून रत्नागिरीला आंबे घेऊन चालली आहेस.” यावर आमच्या गटप्रमुखांकडेही उत्तर नव्हतं. त्यांनी विषय पीतज्वराच्या लशीकडे नेला.

ती लस मात्र चोख निघाली. टोचल्यावर दहा दिवस थांबायचं, मगच तिचं पिवळं कार्ड लागू होतं. केनियाहून परतताना ते जवळ नसेल तर आपलं सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. आणि २०१६पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं. या यात्रेने माझ्यात केलेला कायमचा बदल लेखी असा तेवढाच आहे.

तिथे पोचल्यावर मी सेवा करायला सज्जच होते, पण कोणी करू देईना. ज्या बाईंच्या घरी आम्ही उतरलो त्यांनी आमच्या बॅगा स्वतः उचलल्या, आंघोळीला पाणी तापवून दिलं आणि समोर चपाती ठेवली. हो, चपातीच. नावसुद्धा तेच, फक्त मैद्याची आणि पापुद्रे सुटलेली. बरोबर कांदा-टोमॅटोची कचुंबरी, सुकुमा विकीची पालेभाजी आणि मक्याच्या पिठाचा उगाली. मी पिशवीतून मेतकूट काढलं होतं, ते हळूच परत आत ठेवलं. चहाही आपल्यासारखाच, दुधात उकळलेला. आणि तो फक्त पाहुण्यांना नाही. दाराशी जो येईल त्याला बसवायचं. मटाटूचा, म्हणजे तिथल्या वडापच्या गाडीचा ड्रायव्हर, शाळेचा राखणदार, रस्ता चुकून पत्ता विचारायला आलेला माणूस, सगळे त्या सोफ्यावर. पत्तावाला तर जेवूनच गेला. त्याला जायचं होतं ते घर बाईंनी खिडकीतून दाखवलं. समोरचंच होतं.

रविवारची उपासना सकाळी सुरू झाली ती पार जेवणाची वेळ टळेपर्यंत. “ब्वाना असिफिवे!” म्हणजे ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणत एक आजीबाई माझ्या हाताला धरून नाचायला घेऊन गेल्या. पुण्यात आम्ही फार तर टाळ्या वाजवतो, त्याही डावीउजवीकडे बघून. मग तिथल्या पाळकांनी विचारलं, तुमच्या शहरासाठी काय प्रार्थना करू? आमच्यातला हिंजवडीचा एक मुलगा पटकन बोलून गेला, “ट्रॅफिक.” पाळकांनी डोळे मिटले आणि पुण्याच्या ट्रॅफिकसाठी आर्ततेने, घाम येईपर्यंत प्रार्थना केली. मागची सगळी मंडळी “आमेन” म्हणत होती. सेवा कोण कोणाची करतंय, हे त्यानंतर मी कोणाला विचारलं नाही.

राहिली भिंत. रंग द्यायचं काम आमच्या योजनेतच लिहिलेलं होतं, म्हणून आयटीतल्या पोरांनी हातात ब्रश घेतले. तिथला रंगारी झाडाखाली बसून बघत होता. एका शब्दाने बोलला नाही. दुपारी बाईंनी त्यालाही चहा दिला. आम्ही गेल्यावर त्याला पुन्हा काम मिळणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

आता सांगा, यातलं पाच मिनिटांत काय बसतं?

पाळकसाहेब म्हणाले, “ताई, जास्त नको. फक्त काय बदल झाला, तेवढंच बोला.” मग उपासना झाली, महिला संघ झाला, तरुण संघ झाला, घोरपडीची एक घरगुती प्रार्थनासभा झाली. प्रोजेक्टर माझ्या मागे मागे फिरत होता. लोकांना दोनच गोष्टी हव्या होत्या, सिंह आणि दुःख. सिंह मी पाहिला नव्हता आणि बाईंच्या घरी तर मी दोन किलोनी वाढले होते. एका काकांनी हात वर करून विचारलं, “तुमच्या सगळ्यांच्या तिकिटांत तिथे किती रंगाऱ्यांना वर्षभर काम मिळालं असतं?” हिशेब खोटा नाही. मलाही तो विमानातच सुचला होता. मी म्हटलं, “काका, पुढच्या वर्षी माणसं नको, पैसेच पाठवू. पहिली पावती तुमच्या नावाने फाडते.” काका लगेच सिंहाकडे वळले.

मला हेवा वाटतो तो जुन्या मिशनऱ्यांचा. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईला उतरले, मराठी शिकले आणि १८२६ साली पटकीने इथेच गेले. परतले असते तर त्यांनाही कोणीतरी प्रोजेक्टर जोडून दिला असता.

शेवटी गुरुवार पेठेत बोलायची वेळ आली तेव्हा मी सरळ चहाबद्दल बोलले. जागा योग्य होती. मिशनच्या चहाने माणसाचं आयुष्य ढवळून निघाल्याची नोंद पुण्याच्या इतिहासात आहेच, आणि तीही याच पेठेतली. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला आणि मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, होऊन गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. त्यामानाने माझं प्रकरण किरकोळ. केनियाहून आल्यापासून दाराशी आलेल्या माणसाला मी उभ्या उभ्या जाऊ देत नाही, एवढंच. सभेत कोणी रुमाल काढला नाही. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि अर्पण गोळा करायला सांगितलं.

घरात मात्र या बदलाला साक्षीदार पुष्कळ आहेत. सासूबाई म्हणतात, दूध दीड लिटरवर गेलंय. नवरा म्हणतो, गॅस सिलिंडरवाला आपल्या सोफ्यावर बसून आपल्यालाच सिनेमाचा शेवट सांगतो. आणि काल कुरिअरच्या पोराने गेटवरूनच फोन केला, “मॅडम, पार्सल आलंय, तुम्हीच खाली या ना. तुमच्याकडे वर आलो की माझ्या पुढच्या चार डिलिव्हऱ्या लेट होतात.”