पाच अंक, सात वर्षं: निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. 'केंटकी रूट झीरो' या भागाभागानं निघालेल्या व्हिडिओ गेमचे पाच अंक पुरे व्हायला सात वर्षं लागली, म्हणजे पहिल्या अंकालाच सगळ्याचे पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाची ही फसवणूक. आणि खेळ इतका रेंगाळतो की 'रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोपच लागेल'. मी कौतुकाचा लेख लिहिला आणि या दोन्हींबद्दल अवाक्षर काढलं नाही, असंही तुम्ही म्हणता. खरं आहे ते. लिहायला हवं होतं.

रेंगाळण्याचं आधी सांगतो. खेळातला नायक कॉन्वे हा जुन्या वस्तू पोचवणारा ट्रक ड्रायव्हर. पहिल्या अंकात खाणीत त्याचा पाय जायबंदी होतो आणि तिथून पुढे तो लंगडत चालतो. आपण कितीही क्लिक केलं तरी तो पळत नाही. तुम्हाला हा खेळाचा दोष वाटला. मला वाटतं, त्या पायाचं दुखणं खेळणाऱ्याच्या बोटापर्यंत पोचवायला दुसरी वाट नव्हती. पुढे हाच पाय त्याला कर्जात ओढतो, म्हणून तो आपण विसरून चालत नाही. चौथ्या अंकात होडीवर मात्र मलाही दोन ठिकाणी कंटाळा आला. तिथं तुमचं बरोबर.

आता सात वर्षं. पहिला अंक जानेवारी २०१३, दुसरा त्याच वर्षी मे महिन्यात, तिसरा मे २०१४, चौथा जुलै २०१६, पाचवा जानेवारी २०२०. करणारी माणसं तीन: जेक इलियट, तमास केमेन्झी आणि संगीतकार बेन बॅबिट. २०११ साली लोकवर्गणीतून जमले ते सुमारे साडेआठ हजार डॉलर. पण माणसं कमी, पैसा कमी, एवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. अंतर दर अंकामागे का वाढत गेलं, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या बेळगावच्या वडगावात अजून साड्यांचे माग चालतात. एका बीमावर, म्हणजे मागाच्या रुळावर, बऱ्याच साड्यांचा ताणा (उभे धागे) चढवलेला असतो. पहिली साडी विणून झाली की कापून दुकानात जाते आणि उरलेला ताणा मागावरच राहतो. चौथ्या साडीला रंग खटकला तरी ताणा तोच. जे करायचं ते बाण्यातच, म्हणजे आडव्या धाग्यांत. भागाभागानं निघणाऱ्या खेळाचं हेच होतं. अख्खी कादंबरी लिहिणारा शेवटच्या प्रकरणातून मागं येऊन पहिलं प्रकरण फाडू शकतो. यांचं पहिलं प्रकरण हजारो लोकांनी खेळून संपवलेलं असतं.

याचा अनुभव आम्ही घेतला आहे. मी आणि माझा एक मित्र उद्यमबागेतली नोकरी सांभाळून रात्री एक छोटा खेळ करत होतो. पहिला भाग फुकट टाकला. त्यात निवड एकच होती: आजीला खरं सांगायचं की लपवायचं. दुसरा भाग लिहायला बसलो तर जवळजवळ प्रत्येक संभाषण दोनदा लिहावं लागलं. त्यात मध्यावर लक्षात आलं की गोष्टीत आजीच नको होती. पण ती तोवर लोकांच्या घरी पोचली होती. दुसरा भाग अजून अपुरा आहे.

वेळेवर भाग देणारेही आहेत की, असं तुम्ही म्हणाल. टेलटेल या कंपनीनं 'द वॉकिंग डेड' या खेळाचे पाच भाग एप्रिल ते नोव्हेंबर २०१२ मध्ये दिले, आणि ते उत्तम होते. पण पुढं तोच वेग कायम ठेवत एकावेळी अनेक मालिका ओढत राहिले. सप्टेंबर २०१८ मध्ये 'द वॉकिंग डेड'चा शेवटचा मोसम अर्धवट असताना बहुतेक माणसांना एका दिवसात घरी पाठवलं. उरलेले भाग दुसऱ्या कंपनीनं पुरे केले. माणसं मोडून पाळलेली तारीख मला नको.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. पुढचे अंक लिहिले गेलेले नसताना पाचांचे पैसे एकदम घेणं मला पटत नाही. भागागणिक घ्यावेत, आणि उशीर होणार हे आधी सांगावं. फक्त 'मधल्या काळात काहीच दिलं नाही' हे तुमचं वाक्य बरोबर नाही. अंकांच्या मधल्या फटींत त्यांनी चार छोटे खेळ फुकट दिले. त्यातला 'दि एंटरटेनमेंट' तर एका नाटकाच्या आत बसून पाहायचा आहे. तो जरूर बघा.

तुम्ही दुसऱ्या अंकातच सोडलात असं लिहिलंय. तिसऱ्यात एका दारूच्या गुत्त्यात जूनबग नावाची गायिका गायला उभी राहते, छप्पर वर उचललं जातं, आणि पुढची ओळ कुठली ते आपण निवडायचं असतं. तिथपर्यंत जा. रात्रपाळी नसेल अशा दिवशी बसा, एका बैठकीत एकच अंक. मग परत लिहा. तेव्हाही नाही आवडला तरी लिहा.