मांजरेच्या पात्रात जीभ

मांजरा नदीच्या पात्रात, भर उन्हात, मी एका दगडाला जीभ लावून उकिडवा बसलो होतो. काठावरून एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "काय चाटायलेत हो सायब? मीठ हाय का त्याला?"

खुलासा करतो. जीवाश्म झालेलं हाड ओळखायची एक जुनी युक्ती आहे. त्याला जीभ लावायची. हाडात बारीक छिद्रं असतात, म्हणून ते जिभेला चिकटतं. साधा दगड चिकटत नाही. घरी वाचताना हे फार शास्त्रीय वाटलं होतं. नदीकाठी शेळ्या चरतात, हे त्यात लिहिलं नव्हतं.

तसा मराठवाडा म्हणजे सगळा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात हाड कुठून टिकणार? पण नदीच्या जुन्या गाळाची गोष्ट वेगळी. लातूरजवळ हारवाडीच्या परिसरात मांजरेच्या गाळात हिमयुगातल्या जनावरांची हाडं सापडली आहेत. हत्ती आणि चक्क पाणघोडासुद्धा!

"पाणघोडा? लातुरात?" मेहुण्याला हसू आवरेना. "दाजी, २०१६ साली आमच्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. आम्ही भांडी घासलेलं पाणी झाडाला घालायलोत, आन् तो काय दिवसभर डुंबत होता?"

ही म्हणाली, "तुमचं दगड चाटणं सकाळीच उरका. दुपारी खरोसा लेणी, उद्या तेर." तह झाला.

अडचण अशी, की गाळात चुनखडीचे खडेही भरपूर, आणि एकेक खडा असा गाठाळ, की हुबेहूब गुडघ्याची वाटी. त्यात ते मेले जिभेला चिकटतातही. अकरा वाजेपर्यंत माझी जीभ चुना फासलेल्या भिंतीसारखी झाली होती आणि काठावर सात माणसं, दोन पोरं आणि एक कुत्रं जमलं होतं. कुत्र्याच्या नजरेत मला व्यावसायिक आदर दिसला.

आणि मग ते दिसलं. अर्धं गाळात रुतलेलं, पिवळसर, लांबट. जीभ लावली. चिकटलं! मी ओरडलोच.

आजोबा खाली उतरले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "आमच्या म्हशीचं हाय ते. गेल्या दिवाळीत गेली बिचारी. लई दूध द्यायची."

त्यांनी घरी नेऊन ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मला चव फक्त चुन्याची लागली. आजोबा मात्र आग्रह करत होते, "घ्या सायब, तुमाला भूक लई लागलेली दिसती." खरोशाला मी जांभ्यात कोरलेल्या लेण्यांपुढे तोंड मिटून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तेर, म्हणजे जुनं तगर. रोमपर्यंत व्यापार असलेलं गाव आणि गोरोबाकाकांचं. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ बघून संग्रहालयात शिरलो. तिथे तेरची ती प्रसिद्ध बाहुली. इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी, आणि हस्तिदंती.

"घ्या," ही म्हणाली, "सापडला तुमचा हत्ती."

मी भारावून काचेला नाक लावलं. मागून रखवालदार म्हणाला, "सर, हात नका लावू."

"हाताचं काय नाही हो," मेहुणा म्हणाला, "जिभेवर लक्ष ठेवा."