कतारचे रेफरी ‘सेट’ होते? मेसेजमधला एकेक मुद्दा तपासून बघू

विश्वचषकाचा विषय निघाला की नाशिकच्या फुटबॉल ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. २०२२ च्या कतार विश्वचषकात रेफरींचा दर्जा आजवरचा सगळ्यात वाईट होता, असं त्यात म्हटलंय. कारणं अशी: अर्जेंटिनाला ५ पेनल्टी देऊन कप हातात ठेवला, इंज्युरी टाइम मनाला येईल तसा वाढवला, ऑफसाइड (बॉल पुढे मारला जाताना फॉरवर्ड विरोधकांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असणं) कॉम्प्युटरवर बसलेल्यांनी ठरवले, जपानचा बॉल बाहेर गेलेला असताना गोल दिला आणि महिला रेफरी कोट्यातून आणल्या. गोल्फ क्लबच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांपासून देवळाली कॅम्पातल्या जुन्या खेळाडूंपर्यंत अनेकांनी तो पुढे पाठवलाय.

आम्ही इथे शिट्टी आणि झेंडा हातात धरणारे लोक. कतारमध्ये चुका झाल्या, काही चांगल्याच ठळक झाल्या. पण मेसेजनं त्या सोडून भलत्याच ठिकाणी बोट ठेवलंय, आणि तेच वाचून पोरं रविवारच्या सामन्यात रेफरीला ‘सेट आहेस’ म्हणतात. म्हणून हे सविस्तर.

‘५ पेनल्टी म्हणजे सेटिंग’

आकडा खरा आहे. सौदी अरेबिया, पोलंड, नेदरलँड्स, क्रोएशिया, फ्रान्स, प्रत्येकाविरुद्ध एक. एका विश्वचषकात एका संघाला एवढ्या पेनल्टी त्याआधी कधी मिळाल्या नव्हत्या. पण पेनल्टी मोजून काही कळत नाही, एकेक उघडून बघावी लागते.

सौदीविरुद्ध अर्जेंटिनाच्या पारेदेसला बॉक्समध्ये धरून खाली पाडलं होतं. नेदरलँड्सविरुद्ध डमफ्रीसनं अकुन्याला पाय घातला, त्यात वादाला जागाच नाही. क्रोएशियाचा गोलकीपर लिवाकोविच पुढे आला, तोवर अल्वारेझनं बॉल मारून झाला होता आणि मग दोघांची धडक झाली. यावर मतं दोन असू शकतात. पण फाउलला हेतू लागत नाही, निष्काळजीपणा पुरतो, म्हणून ती पेनल्टी नियमात बसते. फायनलमध्ये देम्बेलेनं डी मारियाला मागून पाडलं. धक्का हलका होता, पण होता.

पोलंडविरुद्धची मात्र आम्हाला पटत नाही. मेस्सीनं हेडर मारल्यानंतर गोलकीपर श्चेन्सनीचा हात त्याच्या चेहऱ्याला लागला. मैदानावर रेफरी मक्केलींनी काही दिलं नव्हतं. व्हीएआरनं (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) त्यांना मॉनिटरवर बोलावलं आणि निर्णय फिरला. व्हीएआरनं मध्ये पडायचं ते ‘स्पष्ट आणि उघड चूक’ असेल तेव्हा. इथे तशी चूक नव्हती. श्चेन्सनीनं ती पेनल्टी अडवली म्हणून गाजावाजा झाला नाही, एवढंच.

आता दुसरी बाजू. सौदीविरुद्ध पहिल्या हाफमध्येच अर्जेंटिनाचे ३ गोल ऑफसाइड ठरले. त्यातला लाउतारो मार्टिनेझचा एक आधी दिलेला होता, तो व्हीएआरनं काढून घेतला. अर्जेंटिना तो सामना २-१ नं हरली. फायनलमध्ये पोलंडच्या मार्चिनियाक यांनी अर्जेंटिनाला १ आणि फ्रान्सला २ पेनल्टी दिल्या. त्याच सामन्यात फ्रान्सच्या थुरामनं बॉक्समध्ये उडी घेतली, तर पेनल्टी न देता यलो कार्ड दाखवलं, आणि तो निर्णय अचूक होता. संशयच घ्यायचा तर हे सगळं कुठे बसवायचं?

अर्जेंटिनाला खरंच झुकतं माप मिळालं असं म्हणायला एक जागा आहे, आणि तीच मेसेजमध्ये नाही. नेदरलँड्सविरुद्धच्या क्वार्टर फायनलमध्ये शेवटच्या मिनिटांत पारेदेसनं आधी नेदरलँड्सच्या आकेला जोरात पाडलं आणि लगेच बॉल डच बेंचवर हाणला. तिथे दोन वेगवेगळे गुन्हे झाले होते, रेफरी माटेउ लाओझ यांनी एकच यलो काढलं (दोन यलो झाले की खेळाडू बाहेर जातो). व्हीएआरला यलोत पडता येत नव्हतं. गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड, एवढ्या चारच गोष्टी त्या स्पर्धेत त्याच्या अखत्यारीत होत्या. त्या रात्री दीड डझनाच्या आसपास कार्डं निघाली तरी सामना हाताबाहेरच राहिला, कारण पहिली कार्डं जिथे लागत होती तिथे निघाली नाहीत आणि नंतर निघाली ती तोंड चालवण्यासाठी. लाओझ यांना त्यानंतर त्या स्पर्धेत सामना मिळाला नाही.

‘इंज्युरी टाइम मनाला येईल तसा’

इंग्लंड-इराणच्या पहिल्या हाफमध्ये १४ मिनिटं वाढली तेव्हा आपल्याकडेही लोक चक्रावले. पण स्पर्धेआधीच फिफाच्या रेफरी समितीचे प्रमुख कोलिना यांनी सांगून ठेवलं होतं की वाया गेलेला वेळ खरोखर मोजला जाईल. हाफमध्ये ३ गोल झाले आणि प्रत्येक जल्लोषाला दीड मिनिट गेलं, तर साडेचार मिनिटं तिथेच संपली. त्यात बदली खेळाडू, दुखापती, कार्डं आणि व्हीएआर धरा. इराणचा गोलकीपर बैरानवंद डोक्याला मार लागून बराच वेळ पडून होता, १४ मधला मोठा भाग त्याचा.

चौथा अधिकारी बोर्ड दाखवतो तो किमान आकडा असतो. त्या वाढीव वेळातही खेळ थांबला तर आणखी वेळ लागतो. म्हणूनच नेदरलँड्स-अर्जेंटिना सामन्यात बोर्डावर १० होते आणि वेगहॉर्स्टनं बरोबरीचा गोल ९०+११ ला केला. तो वेळ अर्जेंटिनाच्या मुळावर आला. पहिल्या हाफमध्ये वेळ कमी दिला गेला, म्हणून दुसऱ्यात भरून काढायचा, असं मात्र रेफरीला करता येत नाही. स्थानिक सामन्यांत ही मागणी नेहमी होते, ती चूक आहे.

‘ऑफसाइड कॉम्प्युटरवाल्यांनी ठरवले’

यंत्रणा अशी होती: स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपणारे. बॉलच्या आत सेन्सर, तो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा. यंत्र ऑफसाइडची सूचना व्हीएआर खोलीत देतं. तिथला माणूस बॉल मारल्याचा क्षण आणि रेषा तपासतो आणि मग रेफरीला कळवतो. निकाल एकटं यंत्र देत नाही.

बॉलमधला सेन्सर का लागतो, ते हिशोबानं बघा. फॉरवर्ड सेकंदाला ८ मीटरनं पळतोय असं धरा. सेकंदाला ५० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्ये तो १६ सेंटीमीटर पुढे जातो. डिफेंडर तितक्याच वेगानं उलट दिशेला पळत असेल, तर दोघांमधलं अंतर एका फ्रेममध्ये ३२ सेंटीमीटरनं बदलतं. म्हणजे कोणती फ्रेम थांबवली यावर ऑनसाइडचा ऑफसाइड होतो. त्यात टीव्हीचा कॅमेरा ऑफसाइड रेषेच्या सरळ रेषेत नसतो, तिरका असतो. ग्रुपवर लाल रेघ ओढून आलेल्या स्क्रीनशॉटवरून काहीही सिद्ध होत नाही ते यामुळे.

उद्घाटनाच्या सामन्यात कतारविरुद्ध इक्वाडोरच्या व्हॅलेन्सियाचा तिसऱ्या मिनिटाचा गोल रद्द झाला, तेव्हा ‘यजमानांसाठी सेटिंग’ अशी ओरड झाली. ऑफसाइड व्हॅलेन्सिया नव्हता, त्याच्याच संघातला एस्त्रादा होता. गोलकीपर पुढे निघून आलेला होता, हे बघणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. नियम शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूचा आहे, आणि गोलकीपर त्या मोजणीत इतरांसारखाच एक असतो. तो जागेवर नसेल तर मागे एक डिफेंडर दिसला म्हणून ऑनसाइड होत नाही. आपल्या शालेय सामन्यांत यावरून दरवर्षी भांडणं होतात.

यंत्राच्या मोजणीतही थोडी चूक राहणारच. अगदी एक-दोन सेंटीमीटरच्या निकालात फॉरवर्डला फायदा द्यावा, ही मागणी आम्हाला रास्त वाटते. ती नियम बदलण्याची मागणी आहे, रेफरीवरचा आरोप नव्हे.

‘जपानचा बॉल बाहेर होता’

१ डिसेंबर २०२२, जपान-स्पेन. मितोमानं गोललाइनवरून बॉल मागे ओढला, तनाकानं गोल केला, व्हीएआरनं तपासून तो दिला आणि त्या निकालामुळे त्याच गटातली जर्मनी स्पर्धेबाहेर गेली. फोटोत लाइन आणि बॉलमध्ये हिरवी पट्टी स्पष्ट दिसते. तरीही निर्णय बरोबर आहे, आणि हे कुणालाही मैदानात करून बघता येतं.

५ नंबरच्या बॉलचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, म्हणजे व्यास साधारण २२ आणि मध्यापासून कडेपर्यंत ११. बॉल जमिनीला टेकतो तो फक्त मधल्या एका ठिपक्यावर. फक्कीची लाइन मारा. लाइनच्या बाहेरच्या कडेपासून ८ सेंटीमीटर अंतरावर बॉलचा टेकणारा ठिपका येईल असा बॉल ठेवा. आता लाइनच्या रेषेतच, पण बॉलपासून थोडं दूर, मोबाइल जमिनीजवळ धरा आणि फक्त टेकण्याची जागा बघा: लाइन आणि बॉलमध्ये मोकळी जमीन दिसेल. मग बॉलच्या बाजूला बाहेरच्या कडेवर ओळंबा सोडा. दोरी सरळ लटकणार नाही, बॉलचा फुगवटा तिला आत ढकलेल, कारण बॉल अजून ३ सेंटीमीटर लाइनवर आहे. पूर्ण बॉल पूर्ण लाइनच्या पलीकडे गेला तरच बाहेर, मग तो जमिनीवर असो वा हवेत. कतारमध्ये उरलेलं अंतर काही मिलिमीटरचं होतं. व्हायरल झालेला फोटो तिरक्या कोनातून होता.

सोपं करायचं तर कोणत्याही लाइन्समनला विचारा, तो गोललाइनच्या सरळ रेषेत पोचण्यासाठी एवढा का धावतो.

‘महिला रेफरी कोट्यातून’

जर्मनी-कोस्टारिका सामना फ्रान्सच्या स्टेफानी फ्रापार्ट यांनी नेउझा बाक आणि कारेन दियाझ या सहायकांसह सांभाळला. फ्रापार्ट यांनी त्याआधी २०१९ चा युएफा सुपर कप आणि २०२० मध्ये पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगचा सामना केलेला होता. पुरुषांच्या सामन्यासाठी चाचणीही पुरुषांचीच द्यावी लागते: ४० मीटरच्या ६ स्प्रिंट, प्रत्येकी ६ सेकंदांत. मग ७५ मीटर १५ सेकंदांत पळायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे १० राउंड होतात. ज्यांना कोटा वाटतो त्यांनी ट्रॅकवर ४ राउंड तरी लावून बघावेत.

‘आजवरचे सगळ्यात वाईट’

१९८६ मध्ये माराडोनानं हातानं केलेला गोल दिला गेला. २००६ मध्ये ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात ३ यलो दाखवले. २०१० मध्ये लॅम्पार्डचा बॉल लाइनच्या चांगलाच आत पडला आणि गोल मिळाला नाही. पहिली आणि तिसरी चूक कतारमध्ये काही सेकंदांत दुरुस्त झाली असती.

कतारची आम्हाला सगळ्यात जास्त खुपलेली चूक बेल्जियम-कॅनडा सामन्यातली. बॉल विरोधी संघातल्या, बेल्जियमच्या हझार्डनंच मागे मारला होता, म्हणजे ऑफसाइडचा प्रश्नच नव्हता. तरी झेंडा वर गेला आणि कॅनडाच्या बुकाननवरच्या फाउलची पेनल्टी मिळाली नाही. कॅनडा १-० नं हरली. पेनल्टीचा प्रसंग होता, व्हीएआरच्या कक्षेत होता, आणि सुटला कसा हे प्रेक्षकांना कुणी सांगितलं नाही. २०२३ पासून फिफाच्या स्पर्धांमध्ये रेफरी मॉनिटर बघून आल्यावर माइकवरून निर्णय जाहीर करतात. ते फक्त बदललेल्या निर्णयापुरतं न ठेवता, तपासून सोडून दिलेल्या पेनल्टीचंही कारण स्टेडियमला सांगावं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर ही मागणी लिहून पाठवा.