'दर्यासारंग' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : समुद्राचे भाकीत आणि अंगाला लागलेले मीठ

'दर्यासारंग' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

सागरी जैवविविधता सांभाळण्यासाठी आणि तिच्यावर लक्ष ठेवण्यासाठी भाकीत करणारी मॉडेल (नोंदींवरून पुढचा अंदाज बांधणारी संगणकी गणिते) कशी वापरतात, या विषयावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. त्या लेखात हवाई बेटांजवळची 'टर्टलवॉच' आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची 'इकोकास्ट' अशी दोन उदाहरणे होती; नको असलेले प्राणी अडकू नयेत म्हणून मासेमारी कुठे टाळावी, हे दाखवणारे हे नकाशे. आपले आक्षेप असे : लेखातल्या नकाशावर तारीख नाही, कॅनडातला कॉड मासा अशाच आकडेमोडीने संपवला, असल्या माहितीचा फायदा शेवटी मोठ्या ट्रॉलरवाल्यांनाच होतो, आणि "वातानुकूलित खोलीत संगणकापुढे बसून समुद्र कळत नाही, त्यासाठी अंगाला मीठ लागावे लागते." जाता जाता आपण मला "किनाऱ्याकडे पाठ फिरवलेला आकडेबहाद्दर" असेही म्हटले आहे.

तारखेचे म्हणणे रास्त आहे. रोज बदलणाऱ्या नकाशावर तारीख हवीच. ती आता घातली आहे.

आता त्या मिठाबद्दल. मतभेदाला माझी हरकत नाही, परंतु ज्याची आपल्याशी ओळखसुद्धा नाही, त्याच्या सबंध आयुष्याचा निकाल एका वाक्यात लावून मोकळे व्हायचे, ही चर्चेची कोणती रीत आहे? मी मालवणचा. माझे आजोबा रापणीतले, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्यातले, वाटेकरी होते आणि शाळेत असताना सकाळी मीही त्या दोराला हात लावलेला आहे. ओला दोर ओढून तळहाताची साले निघणे म्हणजे काय, हे मला आपल्याकडून शिकायचे नाही. पुढे पहिली नोकरी मिळाली ती बंदरावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी ठेवण्याची. लिलाव सुरू होण्याआधी टोपलीतले बांगडे उचलून फुटपट्टीवर ठेवायचे, तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी लिहून घ्यायची, आणि घाईत असलेल्या बायकांची बोलणी खायची, हे ते काम. हे सांगण्याची इच्छा नव्हती. आपण विषय काढलात, म्हणून सांगावे लागले.

आणि याच अनुभवावरून मी सांगतो की अंगाला मीठ लागल्याने समुद्राचा तेवढाच भाग कळतो, जेवढा आपल्या जाळ्यात येतो. आजोबांना पाण्याच्या रंगावरून आणि पाखरांच्या झेपेवरून तारली (सार्डिन) माशाचा थवा किनाऱ्यापासून किती लांब आहे, हे सांगता येत असे. हे ज्ञान मी कधीही कमी लेखलेले नाही. पण एखाद्या वर्षी तारली आलीच नाही, तर ती का आली नाही, याचे उत्तर त्यांच्याकडे नसायचे, कारण ते उत्तर मालवणच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या पाण्यात नव्हतेच. केरळमध्ये २०१२ साली तारलीची आवक चार लाख टनांच्या जवळ होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. तिथल्या मच्छीमारांच्या अंगाला मीठ कमी लागलेले होते, असे आपण म्हणणार आहात का? एवढी मोठी घसरण समजून घ्यायची, तर पाण्याचे तापमान, खालून वर येणारे थंड पाणी, प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची) वाढ आणि मासेमारीचा दाब हे सगळे शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात आणि अनेक वर्षांच्या ओघात एकत्र पाहावे लागते. एका होडीतून एवढे दिसत नाही, मग त्या होडीतला माणूस कितीही जाणता असो.

दुसरी गोष्ट अशी की, मॉडेल संगणकाच्या पोटातून आपोआप निघते, असे आपण गृहीत धरले आहे. 'इकोकास्ट'चेच पाहा. कॅलिफोर्नियाजवळ तलवार माशासाठी सोडलेल्या तरंगत्या जाळ्यांत लेदरबॅक कासवे, समुद्रसिंह आणि निळे शार्क अडकतात. ही जाळी ओढली जात असताना निरीक्षकांनी बोटीवर उभे राहून वर्षानुवर्षे नोंदी केल्या : कुठे, कधी, काय आले. त्या नोंदी, उपग्रहाशी जोडलेले टॅग लावलेल्या प्राण्यांचे मार्ग आणि त्या त्या दिवशीच्या समुद्राची स्थिती यांचा मेळ घालून तो नकाशा तयार होतो. म्हणजे त्यातल्या नोंदींमागे आपण म्हणता ते मीठ आहेच. फक्त ते एका माणसाच्या आठवणीत न राहता सगळ्यांना तपासता येईल अशा रूपात आले आहे.

त्या किनाऱ्यावरचा मोठा पट्टा लेदरबॅकसाठी २००१ पासून दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर असा तीन महिने या जाळ्यांना बंद असतो, मग त्या वर्षी कासवे तिथे असोत वा नसोत. रोज बदलणारे बंद क्षेत्र ठेवले, तर ते याच्या निम्म्यापासून दहाव्या हिश्श्यापर्यंत लहान असूनही कासवांना पुरेसे संरक्षण देऊ शकेल, असा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निघाला. यात सुटका कोणाची होते? मच्छीमाराची. आपण मात्र लेख वाचताना मॉडेल म्हणजे मच्छीमाराचा शत्रू असे ठरवूनच बसला होतात, असे मला वाटते.

'टर्टलवॉच'ची गोष्ट तर याहून साधी आहे. हवाईच्या उत्तरेला तलवार माशासाठी लांब दोरीला गळ लावून ती खोल समुद्रात पण पृष्ठभागाजवळ सोडतात आणि त्या गळांना लॉगरहेड कासवे लागतात. वर्षाला १७ कासवांची मर्यादा होती; २००६ साली ती मार्चमध्येच गाठली गेली आणि ती मासेमारी उरलेल्या वर्षासाठी बंद झाली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी टॅग लावलेल्या कासवांचे मार्ग आणि बोटींवरच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा दिसले की कासवे ज्या पाण्यात सापडतात त्याचे तापमान बहुधा १७.५ ते १८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. एका अंशाचा पट्टा! आज तो या अक्षांशावर असेल, पंधरवड्याने वर सरकलेला असेल. तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) हाती नकाशा येतो आणि त्यावर एवढेच असते की या पट्ट्यात दोरी सोडू नका. ते ऐकायचे की नाही, हे तांडेलच ठरवतो. यात कोणाच्या अनुभवाचा अपमान झाला, हे मला प्रामाणिकपणे कळत नाही.

कॉडबद्दल आपण एका वाक्यात निकाल दिलात, त्यामुळे त्याचेही उत्तर देतो. न्यूफाउंडलंडजवळची कॉडची मासेमारी २ जुलै १९९२ रोजी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला, हे खरे आहे. साठ्याचे अंदाज फुगलेले होते, हेही खरे आहे. पण ते कशाने फुगले? संशोधन जहाजांच्या पाहणीत मासा कमी दिसत असताना मोठ्या ट्रॉलरांची जाळी मात्र भरून येत होती, कारण उरलेला कॉड दाटीने एकत्र येत होता आणि सोनार (ध्वनिलहरींनी मासा शोधणारे यंत्र) असलेल्या बोटी नेमक्या त्या दाटीवरच जात होत्या. त्या भरलेल्या जाळ्यांवर अंदाजात प्रमाणाबाहेर भरवसा ठेवला गेला. ते ट्रॉलरवाले वातानुकूलित खोलीत बसलेले नव्हते. ते भर समुद्रात, बर्फाळ वाऱ्यात उभे होते, आणि त्यांच्याच डोळ्यांना समुद्र भरलेला दिसत होता. किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार मासा लहान आणि विरळ झाल्याचे सांगत होते, पण त्यांच्या म्हणण्याला त्या गणितात जागा नव्हती. म्हणून कॉडचा धडा असा आहे की मॉडेलला कोणाची नोंद देता आणि कोणाची वगळता, यावर सगळे ठरते. आपण जे उदाहरण माझ्यावर फेकलेत, ते आपल्याच वाक्याच्या विरोधात जाते.

आपल्या किनाऱ्याकडे येतो. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, २९.१२ चौरस किलोमीटरचे. नकाशावर रेघ ओढली गेली आणि आपली मासेमारी जाणार या भीतीने माझ्याच गावातले लोक तिच्याविरुद्ध उभे राहिले. ती भीती मी घरात ऐकलेली आहे. पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळांना जो धोका आहे, तो रेघ पाहून आत येत नाही. तो तापलेल्या पाण्यातून येतो. अमेरिकेची 'नोआ' ही समुद्र आणि हवामानाची सरकारी संस्था जगभरच्या प्रवाळांसाठी साठलेल्या उष्णतेचा हिशेब ठेवते : त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंश किंवा अधिक तापले, तर किती तापले आणि किती आठवडे, याची गेल्या १२ आठवड्यांची बेरीज. बेरीज ४ झाली की प्रवाळ पांढरे पडण्याची, ८ झाली की मोठ्या प्रमाणावर मरण्याची शक्यता धरतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही समुद्रविषयक माहिती देणारी संस्था भारतातल्या प्रवाळांसाठी असे इशारे देते. पाणबुडे थोडे, पैसा थोडा, आणि पाण्याखाली स्वच्छ दिसण्याचे दिवसही थोडे. अशा वेळी कोणत्या आठवड्यात कोणत्या खडकावर उतरून पाहायचे, हे आधी कळणे ही चैन नाही. देखरेख करायचीच असेल, तर ती करण्याचा हाच परवडणारा मार्ग आहे.

ट्रॉलरवाल्यांच्या फायद्याचा मुद्दा धोरणाचा आहे. त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आपल्याकडे खरोखरच अनेक वर्षांचा अनुभव असेल, आणि तो असावा असे आपल्या भाषेवरून वाटते, तर त्याच्या नोंदी द्या : तारीख, जागा, पाण्याची खोली, जाळ्याचा प्रकार, काय आले, आणि ज्या दिवशी काहीच आले नाही तो दिवसही. जाळे रिकामे आल्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही, आणि मासा कुठे नसतो हे मॉडेलला त्याशिवाय नीट शिकवता येत नाही. अशा नोंदी मिळाल्या, तर मी त्या आपल्या नावाने मांडीन. माझ्या पाठीविषयी आणि आकड्यांविषयी पुन्हा शेरे आले, तर मात्र ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.